एका चुलीचा नियम

दिल्लीतली जितकी स्वयंपाकघरे कुमुद ताम्हाणे यांनी पाहिली, तितकी क्वचितच कोणी पाहिली असतील. केंद्र सरकारच्या एका सांख्यिकी खात्यात त्या १९७४ साली लागल्या आणि छत्तीस वर्षे घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारत राहिल्या: गेल्या तीस दिवसांत तुमच्या घरी काय काय खाल्ले गेले? तांदूळ, कणीक, डाळी, तेल, अंडी. यादी लांबलचक होती आणि तिच्या मध्यावर कुठेतरी मांसाच्या ओळी येत. त्या ओळींपाशी पोचले की समोरच्या बाईचा आवाज किंचित उतरतो, हे कुमुदताईंना पहिल्याच महिन्यात कळले.

“हमारे घर में नहीं बनता,” असे उत्तर बहुतेक ठिकाणी येई. कुमुदताई ते कान देऊन ऐकत, कारण ‘आम्ही खात नाही’ असे त्यात कोणीच म्हटलेले नसे. एका घरात मंगळवारचे कारण निघे. पण उरलेल्या सहा वारांचे काय, हे विचारावे लागे. दुसऱ्या घरात ‘बच्चे बाहर खा लेते हैं’ म्हणून बच्च्यांच्या माथी मारले जाई आणि बच्च्यांचे वय तिशीच्या पुढे असे. जामा मशिदीच्या बाजूच्या गल्ल्यांत बकऱ्याचे मटण मोठ्याने सांगितले जाई. म्हशीचे मात्र ‘बड़े का’ असे, दाराकडे एकदा पाहून, हलक्या आवाजात. १९७९ साली एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीने ‘मीट बिल्कुल नहीं’ असे ठणकावले. चहाबरोबर तिने जी बशी पुढे केली, तीत डब्यातल्या सॉसेजचे गोल काप होते. कुमुदताईंनी बशीकडे बोट दाखवले, तेव्हा ती बाई मनापासून हसली. “अरे, ये मीट थोड़े ही है! ये तो सॉसेज है.”

त्यांचे वरिष्ठ भाऊसाहेब सबनीस हे ऐकून म्हणाले होते, “ताम्हाणेबाई, आपला देश उंबऱ्याच्या आत शाकाहारी आहे. उंबऱ्याबाहेरचं विचारायला आपल्याला सरकारने पाठवलेलं नाही.” हा विनोद कुमुदताईंच्या डायरीत तारखेसह आहे. देश किती मांस खातो याचा जो आकडा पुढे छापून येई, त्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास कितपत होता, हे मात्र डायरीत कुठेही सापडत नाही. उत्तर देणारा जे सांगेल ते लिहावे, असा नियम होता. त्या तो पाळत.

त्यांच्या स्वतःच्या घरी लपवण्याजोगे काही नव्हते. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ताम्हाण्यांचा रविवार कायस्थ प्रभूंच्या रीतीने मटणाचा असे. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असलेले त्यांचे पती श्यामकांतराव सकाळी आठ वाजता कापडी पिशवी घेऊन आय. एन. ए. मार्केटला जात. “दस्ती दूँ या रान, बाबूजी?” पुढचा पाय की मागची मांडी, या खाटकाच्या प्रश्नाला त्यांचे उत्तर ठरलेले असे: “दोन्हीतलं थोडं, आणि नळी विसरू नकोस.” अर्धे मराठी, अर्धे हिंदी, पण खाटकाला बरोबर कळे. आले, लसूण, कोथिंबीर आणि भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण पाट्यावर पडले की वरच्या मजल्यावरचे विश्वनाथ नावाचे गृहस्थ खिडकी लावून घेत आणि त्यांची पत्नी दहा मिनिटांनी रिकामी वाटी घेऊन खाली येई. नळी मुलाची, विश्वासची. ती तो ताटावर ठाण्‌ठाण् आपटून आतला मगज काढी आणि श्यामकांतराव म्हणत, “हळू रे, क्वार्टर सरकारचं आहे.”

आता नियमाविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावरच अडले. कोणत्याही पाहणीत पहिला प्रश्न असतो: कुटुंब कोणते? एका छपराखाली राहणारे म्हणजे कुटुंब नव्हे. एका रक्ताचे म्हणजेही नव्हे. जे एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातले जेवतात, ते एक कुटुंब. कुमुदताई नव्या मुलामुलींना हे शिकवताना मराठी शब्दच वापरीत. “चूल मोजा,” त्या सांगत. “माणसं मागाहून. एक चूल, एक तक्ता. दोन चुली दिसल्या तर आजोबा-नातू असले तरी दोन तक्ते.” समोर बिहारी, पंजाबी, गढवाली कोणीही असो, ‘चूल’ आणि ‘चूल्हा’ यांत फारसे अंतर नसल्याने सर्वांना समजे.

याला त्या एक दाखला जोडत. १९८३ च्या थंडीत लाजपत नगरातल्या एका घरी त्यांना पाच माणसे सांगितली गेली. फाळणीनंतर आलेले घर, आता चांगले सावरलेले. घराने काही वर्षांपूर्वी गुरू केला होता आणि मांस सोडले होते. कुमुदताईंना मागच्या अंगणात पत्र्याच्या आडोशाला एक रॉकेलचा स्टोव्ह, एक पातेले आणि एक ताट दिसले. घरातल्या म्हाताऱ्याने, सरदारीलाल त्याचे नाव, कीमा सोडला नव्हता. तो स्वतःचे स्वतः शिजवून खात होता. सून हात जोडून म्हणाली, “बहनजी, एक ही लिख दो.” कुमुदताईंनी दोन तक्ते भरले. एक चार माणसांचा, एक एका माणसाचा. पाहणीच्या तपासणीत त्यांच्या नजरेचे कौतुक झाले आणि ‘ताम्हाणेबाईंचा स्टोव्ह’ हा दाखला पंचवीस वर्षे प्रशिक्षणात सांगितला गेला.

दाखल्यात जे कधी सांगितले गेले नाही ते फक्त डायरीत आहे. दुसऱ्या तक्त्यावर ‘कुटुंबातील माणसे : एक’ असे त्या लिहीत असताना सरदारीलाल स्टोव्हजवळ उकिडवा बसून पाहत होता. त्याने विचारले, “बेटी, मैं अलग हूँ?” कुमुदताईंनी त्याला नियम समजावून सांगितला. तो शहाणा माणूस होता. त्याला नियम पटला. “ठीक है, लिख दे,” तो म्हणाला. “पर मेरे लड़के को मत बताना.”

श्यामकांतराव २०१६ साली गेले. निवृत्तीनंतर दोघांनी घेतलेली छोटी जागा विकून कुमुदताई गाझियाबादला, विश्वासच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. विश्वास नोएडाच्या एका कंपनीत होता. त्याची पत्नी अलकनंदा तिथल्याच एका वैश्य घरातली, जन्माची शाकाहारी. तिने सासूला काही बंदी घातली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आल्यानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात तिने मागच्या बाल्कनीत एका बर्नरची शेगडी आणि छोटा सिलेंडर बसवून घेतला. “मम्मीजी, आपका संडे क्यों छूटे?” ती म्हणाली. “बस बर्तन इधर के इधर ही रखिएगा.” कुमुदताईंना ते फार बरे वाटले. नवे पातेले, नवा कूकर, एक ताट, दोन वाट्या त्यांनी हौसेने आणल्या.

पुढे काय झाले ते कोणी ठरवून केले नाही. विश्वासला नोएडाहून यायला साडेनऊ होत आणि घर त्याच्याबरोबर जेवी; कुमुदताईंना सातला भूक लागे. तेव्हा संध्याकाळची खिचडी बाल्कनीतच होऊ लागली. अलकनंदाची आई दोन महिने राहायला आली. त्यांना लसणाचा वास सोसेना, म्हणून दुपारची भाजी बाल्कनीत गेली. त्या परत गेल्या, भाजी मात्र परत आत आली नाही. नंतर पोहे. नंतर चहा. सुरुवातीला अलकनंदा विचारी, “मम्मीजी, आपका भी डालूँ?” आणि कुमुदताई म्हणत, “नको गं, कशाला तुला त्रास?” हे इतक्या वेळा झाले की एक दिवस तिने विचारायचे सोडले. कोणत्या दिवशी, हे कुमुदताईंनाही सांगता आले नसते. ज्या बाईने परक्यांच्या घरातला छटाकभर तेलाचा फरक पकडला होता, तिला स्वतःच्या घरातले हे समजले नाही. समजले असेल तर तिने ते लिहून ठेवले नाही.

विश्वासने लग्नानंतर घरात मांस खाल्ले नाही. छातीत दुखल्यावर डॉक्टरांनी मटण वर्ज्य केले, तेव्हा सोडण्यासारखे त्याच्याकडे काही उरलेलेच नव्हते, असे अलकनंदा सर्वांना सांगे. एकदा त्याची ऑफिसची बॅग झटकताना कुमुदताईंना सँडविचचा कागद मिळाला. वासाने त्यांनी ओळखले.

“सलामी?” त्यांनी विचारले.

“आई, ते काय मटण आहे का, यार?” तो म्हणाला. “ऑफिसात सगळे तेच खातात. आणि हे अलकाला नको सांगूस.”

कुमुदताईंना बशीतले गोल काप आठवले. त्यांनी कागद चुरगळून कचऱ्यात टाकला. दर रविवारी मात्र नळी ताटाच्या कडेला काढून ठेवायची सवय त्यांनी सोडली नाही. तासाभराने त्या ती स्वतःच आपटून खात. तेही हळू, खालच्या मजल्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

पाहणीवाली मुलगी आली ती फेब्रुवारीतल्या एका रविवारी. दोनदा येऊन गेली होती, पण विश्वास घरी नव्हता. सुमित्रा तिचे नाव. कंत्राटावरची, बुलंदशहरची, हातात टॅब्लेट. दिवाणखान्यात तिला बसवले. अलकनंदाने चहा आणला, चौदा वर्षांची नात लतिका मोबाईलमध्ये डोके घालून सोफ्याच्या टोकाला बसली. कुमुदताई कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून होत्या. त्यांनी पान उलटले नव्हते. मुलगी बसते कशी, ओळखपत्र आधी दाखवते का, प्रश्न जसाच्या तसा वाचते का, हे सगळे त्या पाहत होत्या.

“सर, एक ही रसोई से खाने वाले कितने लोग?”

“चार,” विश्वास म्हणाला. “मैं, वाइफ, बेटी और मम्मी.”

चार. तो आकडा ऐकून कुमुदताईंना इतके बरे वाटेल, असे त्यांना स्वतःलाही वाटले नव्हते. सहा वर्षांत त्यांना कोणी असे मोठ्याने मोजले नव्हते. आता फक्त गप्प बसायचे होते. मुलगी लिहून घेईल, बटण दाबेल, आणि देशाच्या दप्तरात त्या चारांमधल्या एक होऊन राहतील.

तांदूळ झाले, डाळी झाल्या, दूध-दही झाले. “अब मीट. बकरे का?”

“हमारे घर में नहीं बनता,” अलकनंदा म्हणाली.

तेवढ्यात कूकरची शिट्टी झाली.

आदल्या रात्रीपासून आले-लसणात मुरवलेले पाव किलो मटण कुमुदताईंनी नेहमीप्रमाणे अकराला चढवले होते आणि मुलगी आल्याच्या गडबडीत शेगडी बारीक करायची राहून गेली होती. दुसरी शिट्टी झाली. सुमित्राने मान वर केली. स्वयंपाकघर डावीकडे होते. शिट्टी उजवीकडून आली होती. तिने एकदा डावीकडे पाहिले, एकदा उजवीकडे. भीती वाटत असतानाही कुमुदताईंच्या मनात आले: शाब्बास, पोरी.

“उधर भी गैस है?” सुमित्राने विचारले.

“वो तो ऐसे ही,” विश्वास घाईने म्हणाला. “मम्मी कभी-कभी शौक से कुछ बना लेती हैं.”

‘कभी-कभी’ला तक्त्यात घर नसते. सुमित्राला ते शिकवलेले दिसत होते. तिने खुर्ची कुमुदताईंकडे वळवली आणि जो विचारायचा तोच प्रश्न विचारला. “माताजी, पिछले तीस दिन में आपका ज़्यादातर खाना किस रसोई का था?”

कुमुदताईंनी वर्तमानपत्राची घडी केली. एक शब्द पुरला असता: ‘इधर का.’ छत्तीस वर्षे लोक त्यांना तेच सांगत आले होते आणि त्या लिहून घेत आल्या होत्या. मग त्यांना पत्र्याचा आडोसा दिसला, स्टोव्हजवळ उकिडवा बसलेला माणूस दिसला. त्या माणसाला आपण काय करायला लावले, ते त्यांना आत्ता या खुर्चीत बसल्यावर समजले. तो खोटे बोलू शकला असता, आणि बोलला नव्हता.

“साठ वेळच्या जेवणांतली नऊ,” त्या मराठीतच म्हणाल्या, मग भान येऊन हिंदीत, “नौ बार इधर का. बाक़ी उधर का.”

अलकनंदाने चहाचा ट्रे टेबलावर आदळला. “मम्मीजी! चूल्हा अलग किसने किया? मैंने?”

“तू नाही गं.”

“मैंने तो आपकी ख़ुशी के लिए लगवाया था! मेरे मायके वाले सुनेंगे तो क्या कहेंगे, कि सास को बाल्कनी में निकाल दिया?”

“आई, फॉर्म आहे तो, फक्त फॉर्म!” विश्वास खालच्या आवाजात म्हणाला. “चार लिहू दे ना. आपण काय वेगळी चूल मांडलीय का?”

“चूल म्हणजे?” लतिकाने मोबाईलमधून डोके काढून विचारले.

“स्टोव्ह,” विश्वास म्हणाला.

“ओह. तर मग आहे ना वेगळी,” लतिका म्हणाली आणि पुन्हा मोबाईलकडे वळली.

सुमित्रा गोंधळली होती. “आंटी, मैं एक ही लिख दूँ?” तिने हळूच विचारले. “कोई देखता नहीं.”

“मी पाहायची,” कुमुदताई म्हणाल्या. “देखती थी मैं. यही काम था मेरा. दुसरा तक्ता उघड, बेटा.”

दुसरा तक्ता बाल्कनीत भरला गेला. बसायला एकच स्टूल होते; ते सुमित्राला देऊन कुमुदताई वॉशिंग मशीनला टेकून उभ्या राहिल्या. कुटुंबप्रमुखाचे नाव? कुमुद श्यामकांत ताम्हाणे. आयुष्यभर त्या ओळीत त्यांनी इतरांचीच नावे लिहिली होती. कुटुंबातील माणसे? एक. तांदूळ, डाळ, तेल यांची उत्तरे त्या विचारण्याआधीच देत गेल्या. बकऱ्याचे मटण?

“चार रविवार, पाव-पाव किलो. एक किलो. हड्डी समेत लिखो.”

सुमित्रा हसली. “आंटी, आज तक ऐसे बिना रुके किसी ने नहीं बताया.”

“बड़े का, सूअर का, मुर्गा, सगळं शून्य. डब्यातलं, पाकिटातलंही शून्य.”

मग मुलगी पहिला तक्ता पुरा करायला आत गेली. जाळीच्या दारातून आवाज येत होते. “सर, घर के बाहर कुछ खाया? ऑफिस में?” “बस सैंडविच-वैंडविच.” “कौन सा?” “वेज,” विश्वास म्हणाला.

कुमुदताईंनी कूकर उतरवून ठेवला. ती ओळ त्याच्या तक्त्यातली होती. उत्तर देणारा जे सांगेल ते लिहावे.

मुलगी गेल्यावर घरात बराच वेळ भांड्यांचे आवाज नेहमीपेक्षा मोठे येत राहिले. विश्वास गाडी धुवायला म्हणून खाली उतरला. रविवारी तो कधी गाडी धूत नसे. कुमुदताई बाल्कनीत स्टुलावर बसून राहिल्या. समोरच्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर कोणी बाई चादरी वाळत घालत होती. तिच्याकडे किती माणसे असतील, असा हिशेब त्यांनी सवयीने चादरींवरून केला आणि मग सोडून दिला.

दीड वाजता जाळीचे दार उघडले. अलकनंदाच्या हातात ताट होते: मटर-पनीर, कोशिंबीर, गरम पोळ्या. बाल्कनीत मांसाचा वास कोंडलेला होता, तरी तिने नाकाला पदर लावला नाही. तिने ताट वॉशिंग मशीनच्या झाकणावर ठेवले. तिचे डोळे लाल झाले होते.

“अगली बार कोई पूछे,” ती म्हणाली, “तो दस कहिएगा.”

आणि दार ओढून घेऊन ती आत गेली.

ती गेलेल्या दिशेला कुमुदताई पाहत राहिल्या. तिला एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि सांगितली नाही तेच बरे, असे त्यांनी ठरवले. तीस दिवस मोजतात ते पाहणीच्या आदल्या दिवसापर्यंतचे. काल ते संपले होते. आजचे जेवण कोणत्याच तक्त्यात येणार नव्हते, ना तिघांच्या, ना एकीच्या. आणि त्या घराची पाळी पुन्हा यायला, नमुन्याचे गणित त्यांना जितके ठाऊक होते त्यानुसार, त्यांचे आयुष्य पुरले नसते.

त्यांनी पोळी मोडली. पनीरमध्ये मीठ कमी होते; अलकनंदाच्या हाताला मीठ नेहमीच कमी. दोन्ही पोळ्या त्यांनी सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ल्या. मग कूकर उघडून नळी तेवढी बाहेर काढली, ती त्याच ताटाच्या कडेला ठेवली आणि खालून गाडीचे दार लावल्याचा आवाज येतो का, ते ऐकत बसून राहिल्या.